रोज मशीन बंद करतो, तरी रॅम भरलेलीच! नऊ जीबी गेली कुठे?

कंपोझिटर (सोमवार, रात्री ११:४०)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे आलो.

सांगलीत आमचा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायचा धंदा. वडील छपाईचे खिळे जुळवायचे, मी माउस फिरवतो, एवढाच फरक. सध्या एका दिवाळी अंकाचं काम हातात आहे, १९२ पानांचं. मशीन संध्याकाळपर्यंत असं जड होतं की पान पलटायचं आणि चहा पिऊन यायचं. मशीन तसं वाईट नाही. १६ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क), विंडोज ११. मदरबोर्ड गेमिंगचा आहे, कारण त्या दिवशी दुकानदाराकडे तोच शिल्लक होता.

तर टास्क मॅनेजर म्हणतो, १३.६ जीबी वापरात. प्रोसेसच्या यादीतले आकडे मी कागदावर उतरवून बेरीज केली, दोनदा केली. मांडणीचं सॉफ्टवेअर, फोटोचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, सगळं धरून साडेचार जीबी. मग उरलेले नऊ जीबी कोण खातंय? यादीत तर कुणीच दिसत नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन (काही नाही), रात्रभर रॅमची तपासणी (शून्य चुका). दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारला तर फॉन्ट, प्लगइन, प्रिंटरची सेटिंगं सगळं परत बसवता बसवता दिवाळी अंक शिमग्याला निघेल.

आणि हो, "मशीन बंद करून बघा" असं कृपया कुणी सांगू नका. रोज रात्री शटडाउन करून, मेन स्विच पाडूनच दुकानाला कुलूप लावतो.

---

उंटावरचा (सोमवार, रात्री ११:५२)

३२ जीबी करून टाका, विषय संपवा. तोवर एखादं रॅम क्लीनर टाका, एका क्लिकमध्ये पाच-सहा जीबी मोकळी करतं. मी वापरतो.

---

तळटीप (मंगळवार, पहाटे २:१५)

कंपोझिटर, फॉरमॅट अजिबात मारू नका. रॅमही विकत घेऊ नका. छप्पर गळत असताना खाली मोठी बादली ठेवली तर भरायला वेळ जास्त लागतो, एवढंच.

उंटावरचा, तुमचं क्लीनर बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅमला म्हणतं, "हातातली पानं (म्हणजे मेमरीचे तुकडे) खाली ठेव". पानं रॅममधून निघून डिस्कवर किंवा राखीव यादीत जातात, आकडा मिनिटभर छान दिसतो, आणि प्रोग्रॅमला तीच पानं परत लागली की ती उचलून आणावी लागतात. मशीन उलट मंदावतं. प्रोग्रॅमने मागितलेली मेमरी तेवढीच राहते.

रात्रभराच्या रॅम तपासणीबद्दल: ती रॅमची पट्टी खराब आहे का ते सांगते. तुमचा प्रश्न वेगळा आहे. पट्टी धडधाकट, पण कुणीतरी जागा घेऊन परत करत नाहीये. याला मेमरी लीक म्हणतात आणि हा पूर्णपणे सॉफ्टवेअरचा दोष असतो.

तुम्ही बेरीज केलीत ते उत्तम केलंत, नव्वद टक्के लोक तिथपर्यंत पोचत नाहीत. आता एवढंच करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. खाली बारीक अक्षरांत आकडे आहेत, त्यातले तीन लिहा: कमिटेड (एकूण कबूल केलेली मेमरी), पेज्ड पूल, नॉन-पेज्ड पूल. मग त्याच पानावर सीपीयू वर टिचकी मारा आणि "अप टाइम" काय दिसतो ते सांगा.

---

कंपोझिटर (मंगळवार, सकाळी १०:२०)

तळटीपताई, घ्या:

कमिटेड १७.२ / २३.९ जीबी
पेज्ड पूल ६४० एमबी
नॉन-पेज्ड पूल ७.९ जीबी

आम्हाला पूल म्हटला की कृष्णेवरचा आयर्विन पूल माहीत. हा दुसरा कुठला, आणि त्याला पेजेस का नाहीत?

आणि अप टाइम दाखवतोय २३ दिवस ४ तास. हे कसं शक्य आहे? काल रात्री बंद केलं, आज सकाळी चालू केलं. अर्धा तास झालाय.

---

तळटीप (मंगळवार, दुपारी १:३०)

सापडलं. म्हणजे चोर नाही सापडला अजून, पण चोरी कुठल्या खोलीत झाली ते कळलं.

आधी तुमच्या २३ दिवसांचं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे. शटडाउन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉग-आउट होता, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर (यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम), बंद होतच नाही. त्याची आहे तशी प्रत डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत रॅममध्ये भरतात. मशीन झटकन उठतं ते त्यामुळे. मेन स्विच पाडला तरी फरक नाही, प्रत डिस्कवर आहे. तुमच्या मशीनचा कर्नल गेले २३ दिवस सलग जागा आहे. रीस्टार्ट दिलं की तो खरोखर नव्याने सुरू होतो. गंमत आहे खरी, बंद करण्यापेक्षा रीस्टार्ट जास्त बंद करतं.

आता पूल. मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाड येतं, भांडीकुंडी वापरतं, संध्याकाळी जातं. जाताना कुणी ताट परत केलं नसलं तरी मॅनेजर खोल्या रिकाम्या करून सगळं गोळा करतो. साधे प्रोग्रॅम म्हणजे वऱ्हाड. ते कितीही बेशिस्त असले तरी बंद झाल्यावर विंडोज त्यांची मेमरी काढून घेतं.

ड्रायव्हर मात्र कार्यालयातलाच आचारी. तो कोठीतून पातेली घेतो आणि त्याने स्वतः परत ठेवली तरच ती परत येतात. तो घरी जातच नाही, त्यामुळे त्याची झडती कोण घेणार? ही कोठी म्हणजे पूल. त्यातला जो भाग डिस्कवर हलवायला परवानगी आहे तो पेज्ड. जो कायम रॅममध्येच बसून असतो तो नॉन-पेज्ड. हा खर्च कुठल्याच प्रोसेसच्या नावावर पडत नाही, म्हणून तुमच्या यादीत तो दिसला नाही.

तुमच्यासारख्या मशीनवर नॉन-पेज्ड पूल काहीशे एमबी असणं ठीक. ७.९ जीबी म्हणजे कुठलातरी ड्रायव्हर पातेली घेऊन बसलाय.

आता रीस्टार्ट करा, लगेच आकडा लिहून ठेवा, मग दिवसभर दर तासाला एकदा. शेजारी लिहा की त्या तासात काय काम केलंत.

---

सदोबा (मंगळवार, दुपारी ४:०५)

मी निवृत्त माणूस, लॅपटॉपवर पेपर वाचतो आणि नातवाशी बोलतो. माझ्याकडे ८ जीबी आहे, त्यातली ५ भरलेली आणि "कॅश्ड" म्हणून २.६ दिसते. म्हणजे रिकामी जवळजवळ नाहीच. मलाही लीक आहे का?

---

तळटीप (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

नाही काका. कॅश्ड म्हणजे मशीनने आधी वाचलेल्या फायली "लागल्या तर असू देत" म्हणून ठेवलेल्या. कुणाला जागा लागली की त्या तत्क्षणी सोडल्या जातात. रिकामी रॅम काही कामाची नसते. "अव्हेलेबल" हा आकडा पाहत जा, त्यात कॅश्डही धरलेली असते.

लीक ओळखायची तर एका वेळचा आकडा पाहून चालत नाही. तेच काम करताना आकडा चढत जातो आणि काम थांबलं तरी उतरत नाही, तेव्हा संशय घ्यायचा.

---

चहाटळ (मंगळवार, रात्री ९:१०)

माझा नॉन-पेज्ड पूल ठीक आहे (३८० एमबी), पण ब्राउझर एकटाच साडेपाच जीबी. सत्तर टॅब आहेत, मान्य. तरी?

---

तळटीप (मंगळवार, रात्री ९:४५)

सत्तर टॅबला "तरी?" विचारता! :)

क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो, शिफ्ट आणि एस्केप दाबा. टॅब आणि एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) वेगवेगळे दिसतात. मेमरीच्या स्तंभावर टिचकी मारून क्रम लावा आणि वरचं एकेक बंद करून बघा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी अबाउट, अपूर्णविराम (:), मेमरी असं इंग्रजीत टाकलं की सविस्तर हिशोब मिळतो. माझा अनुभव: दोषी बहुधा टॅब नसतो, कधीकाळी टाकून विसरलेलं एक्स्टेंशन असतं. नाहीतर आठवडाभर उघडं ठेवलेलं एखादं पान, जे दर मिनिटाला स्वतःला ताजं करत राहतं.

---

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री १०:३०)

थोडं अवांतर. मी कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतो. मेमरी लीकचं पोरांना गांभीर्य वाटत नाही, तेव्हा मी लंडन ॲम्ब्युलन्सची गोष्ट सांगतो. १९९२ साली तिथे रुग्णवाहिका पाठवायची संगणक यंत्रणा सुरू झाली. प्रत्येक वेळी गाडी पाठवली की फाइल सर्व्हरमधली थोडीशी मेमरी अडकून पडायची आणि सुटायचीच नाही. प्रोग्रॅमरने चुकून आत तसाच ठेवलेला कोडचा एक तुकडा. सुमारे तीन आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. ४ नोव्हेंबरला रात्री दोननंतर अख्खी यंत्रणा अडली आणि लोकांना कागद-पेन्सिलवर काम करावं लागलं.

तुमचेही २३ दिवस, म्हणजे तीन आठवडेच झाले की.

---

कंपोझिटर (बुधवार, सायंकाळी ७:१५)

बापरे. इथे तर नुसतं पान अडतंय, तक्रार करायला तोंड नाही उरलं.

आजची नोंदवही:

रीस्टार्टनंतर: ३१० एमबी. (मशीन असं पळतंय की कुणीतरी बदलून आणलं असं वाटलं.)
११ ते १२, पानं मांडली: ३१२
१२ ते १, मुद्रितशोधन, पीडीएफ काढले: ३१४
दीड ते अडीच, जेवण, मशीन नुसतं चालू: ३१४
अडीच ते साडेतीन, दुसऱ्या मशीनवरून जाहिरातींचे फोटो ओढून घेतले, ११ जीबी: ४३०
साडेतीन ते सहा, पुन्हा मांडणी: ४३१

फोटो मिळाल्यावर आकडा खाली येईल म्हणून वाट पाहिली. नाही आला.

---

तळटीप (बुधवार, रात्री ८:००)

अशी नोंदवही इथे ऑफिसात लोक लिहीत नाहीत हो. नेटवर्कवरून माल आला की गळतं. म्हणजे संशयित: नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर, अँटिव्हायरसची नेटवर्क-चाळणी, व्हीपीएन, किंवा नेटवर्कच्या वाटेवर बसलेलं तत्सम काहीतरी.

आता नाव काढू. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये "पूलमॉन" नावाचं छोटं हत्यार येतं, किट फुकट आहे. ते काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये), ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. चालू झालं की बी दाबा, म्हणजे बाइटनुसार क्रम लागेल. मग पी दाबत राहा, दुसऱ्या स्तंभात फक्त "नॉनपी" दिसेपर्यंत.

पहिल्या स्तंभात चार अक्षरी टॅग असतात. ड्रायव्हरने कोठीतून काही घेताना त्यावर ही चिठ्ठी चिकटवायची असते. पुढे ॲलॉक्स म्हणजे किती वेळा घेतलं, फ्रीज म्हणजे किती वेळा परत केलं, डिफ म्हणजे किती अजून बाहेर आहेत. सगळ्यात वरची ओळ इथे लिहा.

---

कंपोझिटर (बुधवार, रात्री १०:२५)

किट उतरवायलाच तास गेला. वरची ओळ:

ॲलॉक्स ९,१४,३७७
फ्रीज ८,५५,४६५
डिफ ५८,९१२
बाइट्स १२,१५,९४,३६८
पर ॲलॉक २,०६४

टॅग चार इंग्रजी अक्षरं आहेत, विंडोजच्या टॅगच्या यादीत सापडला नाही.

---

तळटीप (बुधवार, रात्री १०:५०)

बाइट्सना १,०४८,५७६ ने भागा: ११६ एमबी. दुपारी फोटो ओढताना वाढले तेवढेच. बरोब्बर.

आणखी एक बघा. प्रत्येक तुकडा २,०६४ बाइटचा. इथरनेटचं नेहमीचं पॅकेट दीड हजार बाइटच्या आसपास असतं, म्हणजे पॅकेट ठेवायचा डबा असावा. आणि शंभरातले चौऱ्याण्णव डबे नीट परत आलेत, सहा नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला परत करणं माहीत होतं, कुठल्यातरी आडवाटेला तो विसरला. पॅकेट उशिरा आलं, टाकून द्यावं लागलं, अशा एखाद्या फांदीवर. असे दोष तपासणीत सुटतात, कारण तपासणारा सरळ रस्त्यानेच जातो. (माझंही पोट त्यावरच चालतं, म्हणून जास्त बोलत नाही.)

टॅग विंडोजच्या यादीत नाही, म्हणजे बहुधा बाहेरच्याचा आहे. आता विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जा, आणि "फाइंडस्ट्र" कमांडला तो टॅग देऊन सगळ्या सिस फायलींत (म्हणजे ड्रायव्हरच्या फायलींत) शोधा. शोधताना लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत. पर्यायात एम दिला की फक्त फाइलची नावं मिळतात.

---

कंपोझिटर (बुधवार, रात्री ११:३०)

दोन फायली निघाल्या. एकीच्या प्रॉपर्टीजमध्ये मायक्रोसॉफ्टचं नाव आहे. दुसरी मदरबोर्डबरोबर आलेल्या त्या "गेमिंग नेटवर्क" सॉफ्टवेअरची! म्हणे कुठल्या खेळाला इंटरनेट आधी द्यायचं ते ठरवतं. मी आयुष्यात सॉलिटेअरच्या पुढे गेलो नाही.

---

उंटावरचा (बुधवार, रात्री ११:३४)

मग काय, ती सिस फाइल डिलीट मारा आणि रीस्टार्ट करा. दोन सेकंदांचं काम.

---

तळटीप (बुधवार, रात्री ११:३६)

थांबा!! फाइल डिलीट करू नका. विंडोजच्या नोंदणीत (रजिस्ट्रीत) तिचं नाव राहतं आणि फाइल गायब. नेटवर्क तरी जाईल, नाहीतर सकाळी निळा पडदा बघाल.

शिवाय चार अक्षरं योगायोगानेही फाइलमध्ये सापडू शकतात, अजून गुन्हा सिद्ध नाही. आधी तपासा. नेटवर्क कनेक्शन्समध्ये तुमच्या इथरनेटवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज. तिथे चौकटींची यादी असते. त्यात त्या सॉफ्टवेअरच्या नावाची चौकट दिसेल. फक्त खूण काढा, ओके म्हणा, मग तेच ११ जीबी पुन्हा ओढा आणि पूलमॉनमध्ये डिफ बघा.

---

कंपोझिटर (गुरुवार, दुपारी १२:१०)

पटकन सांगतो, गिऱ्हाईक बसलंय.

चौकट होती. खूण काढली, मिनिटभर नेट गेलं आणि आलं. ११ जीबी ओढले. डिफ ढिम्म हलला नाही. खूण परत लावली आणि पुन्हा ओढले: पूलमॉन समोर उघडं ठेवून बसलो होतो, डिफ टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता. दुसऱ्या मशीनवरचा पोऱ्या विचारतोय, दादा तेच फोटो तिसऱ्यांदा का?

आता?

---

तळटीप (गुरुवार, दुपारी २:४५)

आता फाशी. रीस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर मागे येता येईल. सॉफ्टवेअर रीतसर अनइन्स्टॉल करा. कार्डाचा साधा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, कारण अनइन्स्टॉलनंतर नेट गेलं तर उतरवणार कुठून. मग रीस्टार्ट. शटडाउन नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करायचं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करेल ते ठरवायचं पान, तिथली खूण काढा. मी सरसकट सगळ्यांना बंद करायला सांगणार नाही, पण तुमच्याकडे एसएसडी आहे, पाच-सात सेकंदांनी काही बिघडत नाही. एखाद्या दिवशीच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर टिचकी मारायची.

---

पेंग्विनप्रेमी (गुरुवार, रात्री ८:२०)

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी: "फ्री" कमांडमध्ये "युज्ड" बघून घाबरू नका, "अव्हेलेबल" बघा. आणि इथल्यासारखा कर्नलचा संशय असेल तर पूलमॉनच्या जागी "स्लॅबटॉप". बाकी रीत हीच.

---

कंपोझिटर (पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री १०:००)

अंक छपाईला गेला! १९२ ची २०८ पानं झाली, जाहिराती जास्त आल्या.

मुद्दाम नऊ दिवस मशीन एकदाही रीस्टार्ट केलं नाही. फास्ट स्टार्टअपही चालूच ठेवलं होतं, ताईंनी सांगितलं तरी. मला बघायचंच होतं. अप टाइम ९ दिवस ६ तास, नॉन-पेज्ड पूल ३३५ एमबी. आज खूण काढून टाकली.

दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "फॉरमॅट मारला असता तरी गेलंच असतं." मी म्हटलं, आणि मग बोर्डाच्या सीडीतून तुम्हीच ते परत टाकलं असतं. तर हसायला लागला.

तळटीपताई, पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवा, अंक पाठवतो. तिकडे इंग्लंडात रेडिंगला पोचायला नाताळ उजाडेल कदाचित.

---

उंटावरचा (शनिवार, रात्री १०:१२)

अभिनंदन. म्हणजे ३२ जीबी घ्यायची नाही ना? माझ्याकडे दोन पट्ट्या पडून होत्या, स्वस्तात दिल्या असत्या.

---

सदोबा (शनिवार, रात्री १०:४०)

सगळा धागा वाचून आत्ता माझा अप टाइम पाहिला. ६१ दिवस. गेले दोन महिने रोज रात्री "झोपतो रे बाबा" म्हणून त्याला बंद करत होतो, आणि तो जागाच!

रीस्टार्ट करून येतो.